लोपीस मिसचं कपाट

फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द दिसला की लोपीस मिस चष्मा कपाळावर सरकवायच्या, ज्या शिक्षकाची ती फाइल असेल त्याच्या टेबलाशी जायच्या आणि हळू आवाजात विचारायच्या, "ही कुठल्या इयत्तेची? कुठला धडा? आत माहिती आहे की प्रश्न?"

समोरचा सांगायचा.

"मग हेच नावात लिहा ना. पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल की नाही, कुणाला ठाऊक? तुमच्या जागी येईल त्याला 'फायनल न्यू टू' वाचून काय कळणार?"

हे ऐकून कुणाला राग यायचा नाही. दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या शाळेत कुणीच कायमचं नव्हतं. नवऱ्याचा प्रोजेक्ट संपला की बायको शाळा सोडायची. कंपनीने बदली केली की मुलं वर्षाच्या मध्यात दाखला घेऊन जायची. निरोपाचा केक स्टाफरूममध्ये इतक्या वेळा कापला जायचा, की सुरी कायमची मायक्रोवेव्हशेजारी ठेवलेली असे. जाणारा माणूस आपला लॅपटॉप शाळेला परत करायचा आणि त्याच्याबरोबर त्याने वर्षानुवर्षं जमवलेली चित्रं, वर्कशीट्स, प्रयोगांचे व्हिडिओ, सगळं जायचं. नवा माणूस पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायचा. लोपीस मिसनी हे बरीच वर्षं पाहिलं होतं.

मी स्वतः अशीच कुणाच्या तरी जागी आले. नवऱ्याला गॅस कंपनीत काम मिळालं म्हणून आम्ही नाशिक सोडून दोहात आलो, अल हिलालला फ्लॅट घेतला, आणि नोव्हेंबरात मला सातवीचं सायन्स मिळालं. माझ्या आधीच्या मॅडम नवऱ्याच्या बदलीमुळे घाईघाईने ओमानला गेल्या होत्या. लॅपटॉप पुसून कोरा करून दिला होता. युनिट टेस्ट तोंडावर, वर्गात मुलं माझ्याकडे बघतायत, आणि मागच्या मॅडमनी नक्की कुठवर शिकवलंय हे मला मुलांनाच विचारावं लागत होतं. त्यांची उत्तरं अर्थात त्यांच्या सोयीची होती.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते. आवाज बहुधा रडवेला झाला असावा. फोन ठेवला तर समोर एक ठेंगणी, सावळी बाई उभी. सुती कुर्ता, घट्ट अंबाडा, गळ्यात चष्म्याची साखळी आणि हातात थर्मास.

"नाशिकच्या का तुम्ही? मग मराठीत बोलूया. दिवसभर इंग्रजी बोलून माझा जबडा दुखतो." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. गवती चहाचा वास आला. "मी रेजिना लोपीस. वसईची. आठवीचं सायन्स माझ्याकडे. चला, तुम्हाला कपाट दाखवते."

मला वाटलं, लोखंडी कपाट असेल. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या लॅपटॉपवर शाळेच्या ड्राइव्हमधलं एक फोल्डर उघडलं. आत इयत्ता, इयत्तेच्या आत धडे, आणि प्रत्येक धड्याच्या आत चारच फोल्डर: शिकवायला, करून बघायला, सोडवायला, आणि चौथं 'मुलं कुठे अडली'. नावं इंग्रजीत होती, कारण स्टाफमध्ये केरळपासून दिल्लीपर्यंत सगळीकडचे लोक होते. पण मिस त्यांना मराठीतच संबोधायच्या.

"हे चौथं आधी वाचा," त्या म्हणाल्या. "बाकीचं नंतर."

मी उष्णतेचा धडा उघडला. आत वेगवेगळ्या शिक्षकांनी लिहिलेल्या ओळी होत्या. उष्णता आणि तापमान म्हणजे एकच, असं मुलांना वाटतं. चहाचा कप आणि समुद्र यांचं उदाहरण द्या. बंबाचं देऊ नका, इथल्या मुलांनी बंब पाहिलेला नाही. थर्मामीटरचं चित्र दाखवताना दोन खुणांमधला एक भाग किती अंशांचा, ते आधी विचारा, अर्धा वर्ग तिथेच चुकतो. एका ओळीत कुणीतरी लिहिलं होतं, माझा प्रयोग फसला, बर्फ वर्गात नेईपर्यंत वितळला, प्रयोगशाळेतच करा.

फसलेलं कुणी असं लिहून ठेवतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नाशिकच्या माझ्या शाळेत शिक्षक एकमेकांना छापील तक्ते दाखवायचे. वर्गात काय बिनसलं, ते घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे.

"हे सगळं तुम्ही केलं?" मी विचारलं.

"छे. मी फक्त आवरते. केलंय सगळ्यांनी. काही जण आता मस्कतला आहेत, काही कॅनडात, एक मॅडम देवाघरी गेल्या. पण त्यांचे धडे अजून चालतात." झाकणातला माझा उरलेला चहा त्यांनी थर्मासशेजारी ठेवलेल्या कागदी कपात ओतला. "दुसऱ्याला सापडलं, तरच ठेवलं म्हणायचं. नाहीतर नुसतं लपवलं."

आवरण्याचा त्यांचा दिवस गुरुवार. शाळेच्या बसेस निघून गेल्या, की पार्किंग रिकामं व्हायचं आणि वीकएंडच्या ओढीने सगळे पळायचे. मिस मात्र स्टाफरूममध्ये बसून आठवडाभरात कुणी काय टाकलंय ते उघडून बघायच्या. तिरकं स्कॅन झालेलं पान सरळ करायच्या. एकच वर्कशीट तीनदा आलं असेल तर तिघांना विचारून दोन काढायच्या. विचारल्याशिवाय कधीच काढायच्या नाहीत. कुणाची फाइल खूप जड असेल तर तिची हलकी प्रत करून शेजारी ठेवायच्या. ही सवय शाळा बंद होत्या त्या काळात लागली, असं त्यांनीच सांगितलं. तेव्हा एकेका घरात तीन मुलं आणि एकच फोन असायचा. जड फाइल उघडेपर्यंत पिरियड संपायचा आणि मूल स्क्रीनवरच्या फिरत्या चक्राकडे बघत बसायचं.

त्यांचे यजमान अल्फ्रेड एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होते. गुरुवारी ते गाडी घेऊन यायचे, खाली थांबायचे आणि फोन करायचे. मिस म्हणायच्या, "आले, आले," आणि अजून एक फोल्डर उघडायच्या. अल्फ्रेड कधी वर येऊन ओरडले नाहीत. फार उशीर झाला की दारात उभे राहून म्हणायचे, "रेजी, उद्या चर्चला तरी येणार आहेस ना?" इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून चर्चही शुक्रवारी. मिस हसून लॅपटॉप मिटायच्या.

त्या फार प्रेमळ होत्या, असं मी म्हणणार नाही. वर्गात त्यांचा दरारा होता. "सगळं समजलं" असं मुलाने म्हटलं तर त्यांना ते आवडायचं नाही. "सगळं समजलं म्हणणाऱ्याला पुढे काय शिकवू? कुठे नाही समजलं ते सांग," असं म्हणून त्या तिथेच उभ्या राहायच्या आणि मूल घाम फुटेपर्यंत शोधायचं. आम्हा शिक्षकांनाही त्या सोडायच्या नाहीत. कपाटातून काही घेतलं आणि चौथ्या फोल्डरमध्ये एक ओळसुद्धा लिहिली नाही, तर त्या दुसऱ्या दिवशी दारात. मला एकदा म्हणाल्या, "आहेर मिस, काल तुम्ही आम्ल-आम्लारीचं घेतलंत. कुणीच अडलं नाही? भाग्यवान आहात."

कपाटाला कुलूप नव्हतं. पण एका माणसाच्या फायलींना होतं. नायर सर नववी-दहावीचं फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या नोट्सची कीर्ती दुसऱ्या शाळांपर्यंत होती, आणि प्रत्येक फाइलला त्यांनी पासवर्ड घातला होता. मिसनी एकदा विचारलं तेव्हा ते हिंदीत म्हणाले होते, "मॅडम, ये मेरी बीस साल की मेहनत है. मैं क्यों दूँ?" मिस "बरोबर आहे" म्हणून परत आल्या होत्या आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढला नव्हता.

मग एका सकाळी कळलं, की नायर सरांना घरी छातीत दुखू लागलं आणि ते आयसीयूत आहेत. बायपास करावी लागणार होती. दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आलेली. त्यांचे वर्ग वाटून घ्यायचे तर शिकवायचं काय? शाळेच्या ड्राइव्हवर त्यांच्या फायली होत्या, सगळ्या बंद. आमचे कॉम्प्युटरचे सर म्हणाले, "पासवर्ड तोडायला मला अर्धा तास पुरे."

"नको," मिस म्हणाल्या. "माणूस तिकडे ऑपरेशनच्या टेबलावर पडलाय. कुलूप त्याने लावलंय. तो परत येऊन उघडेल किंवा नाही उघडणार."

"पण मुलांचं काय?"

मिसनी आधी पास होऊन गेलेल्या मुलांना फोन लावले. त्यातली काही दोहातच कॉलेजात होती. त्यांच्या दहावीच्या वह्या मागवल्या. कुणाच्या आईने त्या जपून ठेवल्या होत्या, कुणी भारतातून फोटो काढून पाठवले. नायर सरांनी फळ्यावर जे लिहिलं होतं ते मुलांनी उतरवून घेतलेलं होतंच. मिसनी आणि आम्ही दोघी-तिघींनी ती पानं लावली, टाइप केली आणि धड्यांप्रमाणे बसवली. वर नाव घातलं: नायर सर.

दोन महिन्यांनी सर परत आले. बारीक झाले होते, जिना चढताना थांबत होते. मिसनी त्यांना खुर्ची दिली आणि फोल्डर उघडून दाखवलं. "सर, या तुमच्याच नोट्स आहेत. मुलांच्या वह्यांतून गोळा केल्या. तुमच्या मूळ फायलींना आम्ही हात लावलेला नाही. काही चुकलं असेल तर दुरुस्त करा. नको असेल तर काढून टाका."

सर वाचत गेले. एका मुलीने वहीच्या समासात सरांचा एक विनोद जसाच्या तसा लिहून ठेवला होता. आरशात बघून भांग पाडणाऱ्या त्यांच्या काकांबद्दलचा. टाइप करताना मिसनी तोही ठेवला होता. सर तिथे थांबले. मग त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि तास घ्यायला उठून गेले.

पुढच्या आठवड्यात मी सहज त्यांची एक मूळ फाइल उघडायला गेले तर ती उघडली. सगळ्याच उघडत होत्या. मी सरांना विचारलं तर त्यांनी हात झटकल्यासारखा केला. "खलास. याद रखना भी मुश्किल था."

मिसच्या आयुष्यातला अवघड काळ यानंतरचा.

जून महिन्यात स्टाफरूमचा एसी बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस शिडीवर उभा राहून काम करत होता, आणि खाली मिस मला पाण्याच्या अवस्थांवरचं एक हलतं चित्र दाखवत होत्या. आम्ही मराठीत बोलत होतो. शिडीवरचा हात थांबला.

"मॅडम, तुमी मराठी?"

त्याचं नाव भागवत. गाव परभणी जिल्ह्यातलं, सेलूकडचं. राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पमध्ये. तो खाली उतरला आणि लांबूनच स्क्रीनकडे बघू लागला.

"माझी पोरगी सातवीला हाय. रोज फोनवर इचारती, पप्पा, हे कसं, ते कसं. मला काय येतंय? ती म्हणती, पुस्तकात चित्र हाय पण हलत न्हाई. हे असलं तिला दिसलं आसतं तर..." तो थांबला. "ऱ्हाऊ द्या. इंग्रजीत हाय ते."

"तिचं नाव काय?" मिसनी विचारलं.

"सोनाली."

"नंबर द्या."

त्या शुक्रवारी चर्चहून आल्यावर मिसनी तो एक धडा मराठीत केला आणि पाठवला. सोनालीचा आवाजी निरोप आला. मिसनी तो मला स्टाफरूममध्ये ऐकवला. बारीक, घाबरलेला, तरीही स्पष्ट आवाज होता. "बाई, चित्र लई आवडलं. पण आमच्या घरी फ्रिज न्हाई. आमचं गार पाणी माठातलं. मग माठातलं पाणी गार का व्हतं, ते सांगता का?"

मिसनी निरोप पुन्हा लावला. मग त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नाही. विचारणार तरी कसा?" त्यांनी चित्रातला फ्रिज काढला, माठ घातला, पाझरणारं पाणी दाखवलं.

मग धड्यामागून धडा होत गेला. मी भाषा सोपी करून द्यायचे. कपाटातच एक मराठी कप्पा झाला आणि त्याची लिंक मिसनी सोनालीला दिली. सोनालीने ती तिच्या बाईंना दाखवली. बाईंनी शेजारच्या गावातल्या शाळेला दिली. चौथ्या फोल्डरमध्ये आता परभणी जिल्ह्यातल्या पोरांची अडलेली ठिकाणं येऊ लागली. मिस ती वाचायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी इतर वेळी क्वचित पाहिलं.

दिवाळीनंतर नव्या व्हाइस प्रिन्सिपलनी मिसना बोलावलं. भाषांतरात माझंही नाव होतं म्हणून मलाही. बोलणं इंग्रजीत झालं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. शाळेच्या ड्राइव्हमधलं साहित्य बाहेरच्या अनोळखी लोकांनी उघडल्याची नोंद त्यात होती.

"मिसेस लोपीस, ही लिंक तुम्ही दिलीत?"

"हो मॅम."

"शाळेच्या वेळात, शाळेच्या यंत्रणेवर तयार झालेलं साहित्य शाळेचं असतं. त्यात आपल्या मुलांचे फोटो आहेत, नावं आहेत. उद्या एखाद्या पालकाने विचारलं तर मी काय सांगू?"

"फोटो मी काढून टाकले होते मॅम. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी आधी विचारायला हवं होतं."

मी मध्ये बोलले. "मॅम, ती खेड्यातली मुलं आहेत. त्यांना कोण..."

मिसनी टेबलाखाली माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लिंक आज बंद होईल," मिस म्हणाल्या. "पण परीक्षेपर्यंत मुदत देता आली तर..."

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मला आता कळतं. वर मॅनेजमेंटला उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. मिसना लेखी समज मिळाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. त्यांनी सही केली, बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि लिंक बंद केली. मग भागवतला फोन केला.

"भागवतभाऊ, ते आता उघडणार नाही. सोनालीला सांगा, बाईंची चूक झाली. शाळेला न विचारता दिलं होतं. पण तिला म्हणावं, थोडं थांब."

पलीकडून तो काय म्हणाला मला ऐकू आलं नाही. मिस फक्त "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिल्या.

त्यांनी सगळं पुन्हा केलं. घरच्या लॅपटॉपवर, शाळेतलं एकही चित्र न घेता. मी एका शनिवारी त्यांच्या फ्लॅटवर गेले तर स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली होती. ओट्यावर पांढऱ्या फडक्याच्या चिंध्या वाळत होत्या. हळद लावलेल्या. एकीला साबण लावून लाल केलेलं, दुसरीवर लिंबू पिळून ती परत पिवळी केलेली. अल्फ्रेड स्टुलावर उभे राहून वरून फोटो काढत होते. त्यांच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या पिवळ्या झाल्या होत्या.

"लिटमसचा कागद तिकडच्या शाळेत नाही," मिस म्हणाल्या. "पण हळद तर प्रत्येक घरात असते. इथे इतकी वर्षं मी लिटमसच शिकवत बसले."

"मिस, तुम्हाला राग नाही येत?" मी विचारलं.

त्या चिंध्या उलटत राहिल्या. "आला ना. दोन रात्री झोपले नाही. अल्फ्रेडना विचारा. मग लक्षात आलं, रागात असताना माझ्या एकाही फाइलला धड नाव देता येत नव्हतं."

परीक्षेआधी सोनालीला नवे धडे मिळाले.

त्यानंतरच्या वर्षी अल्फ्रेडच्या ऑफिसात माणसं कमी केली. त्यांचं नाव यादीत होतं. मिसचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता, आणि या वयात इथे दुसरी नोकरी शोधण्यात अर्थ नव्हता. दोघांनी वसईला परत जायचं ठरवलं. आम्हाला कळलं तेव्हा त्यांचा शेवटचा महिना चालू होता.

कॉम्प्युटरचे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, त्या गेल्या की त्यांचं अकाउंट बंद होणार. कपाट त्यांच्या नावावर आहे. अकाउंटबरोबर तेही जाईल." ऑफिसातून याबद्दल मिसना कुणी विचारलं नव्हतं. बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मिसकडे गेले. आत काय काय साठलं होतं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "जाऊ दे ना मिस. समजेचं पत्र दिलं ना तुम्हाला? आता त्यांचं त्यांना निस्तरू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं, पहिल्यांदाच.

"त्यांचं? कुणाचं? पुढच्या वर्षी कुणीतरी नवी मुलगी सातवीवर येईल. तिचं नाव माहीत आहे का तुम्हाला? मलाही नाही. तिचं आहे ते."

शेवटचे सगळे दिवस त्या एकेक फोल्डर दुसऱ्याच्या नावावर करत होत्या. मला वाटलं होतं, त्या ते माझ्या नावावर करतील. त्यांनी नायर सरांच्या नावावर केलं. मला लागलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "तुमचे मिस्टर प्रोजेक्टवर आहेत, आहेर मिस. तुम्ही कधी उठून जाल सांगता येत नाही. नायर सर रिटायर होईपर्यंत हलणार नाहीत. आणि गुरुवारी त्यांना घरी जायची घाई नसते, डॉक्टरांनी सावकाश चालायला सांगितलंय." आम्ही दोघी हसलो. मग एकदम त्या रडल्या. तोंडावर पदर घ्यायला साडी नव्हती, म्हणून कुर्त्याच्या बाहीनेच डोळे पुसले.

नायर सरांनी मान खाली घालून तासभर त्यांच्याकडून सगळं समजून घेतलं. शेवटी मिसनी विचारलं, "सर, कुठे अडलं?"

सर म्हणाले, "मॅडम, आप नहीं रहेंगी, वहीं."

मिसनी थर्मासच्या झाकणात सरांसाठी चहा ओतला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मिस वसईला वारल्या. थोड्या दिवसांचं आजारपण. बातमी नायर सरांनी स्टाफरूममध्ये सांगितली. त्यांना अल्फ्रेडचा फोन आला होता. आम्ही उभे राहिलो. नव्या दोन शिक्षिकांनी मिसना पाहिलेलं नव्हतं, पण त्याही उभ्या राहिल्या, कारण त्यांचं रोजचं काम मिसच्या फोल्डरांवर चालत होतं. व्हाइस प्रिन्सिपल मॅडम दारात येऊन थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नायर सरांना बोलावून विचारलं, नव्या शिक्षकांना या कपाटाची रीतसर ओळख करून देण्यासाठी दर सत्राला एक दिवस राखून ठेवता येईल का. मराठीतल्या धड्यांची लिंक शाळेतून चालू करण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही तो विषय काढला नाही. त्याची आता गरजही नव्हती. ते धडे सोनालीच्या बाईंकडे होते आणि तिथून आणखी कुठे कुठे गेले होते, ते आम्हाला माहीत नाही.

भागवतला मी कळवलं. तो म्हणाला, "पोरीला कसं सांगू मॅडम? अकरावी सायन्सला गेली ती. बाईंना कधी पाहिलं न्हाई तिनं. नुसता आवाज ऐकलाय." संध्याकाळी त्याने मला परत फोन केला. सोनालीला सांगितलं, ती दिवसभर जेवली नाही, एवढंच बोलला.

मला मात्र मिस आजारी कशा दिसत असतील याची कल्पना करता येत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. सकाळची वेळ होती. मी त्यांना सोडायला गेले होते. सामान उतरवलं, मिठी मारली, आणि मी गाडीत बसून काच खाली केली. अल्फ्रेड ट्रॉली ढकलत होते, मिस पुढे चालल्या होत्या. दाराशी एक तरुण आई तान्हं बाळ कडेवर घेऊन पासपोर्ट शोधत होती आणि तिची चार-पाच वर्षांची मुलगी आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारासमोर खिळल्यासारखी उभी होती. मिस थांबल्या. वाकून त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने मान हलवली. मिसनी तिचा हात धरला, तिला चार पावलं मागे आणलं. दार मिटलं. त्यांनी दाराच्या वर, चौकटीवरच्या सेन्सरच्या लहानशा काळ्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि मुलीला पुढे नेलं. दार उघडलं. मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःच मागे पळाली, पुन्हा करून बघायला.

मागून एक पोलीस, गाडी पुढे घ्या म्हणून, माझ्या गाडीच्या छतावर थाप मारत म्हणत होता, "यल्ला, यल्ला." मी गाडी सुरू केली. आरशात दिसलं, अल्फ्रेड ट्रॉलीवर कोपर टेकून शांतपणे थांबले होते, आणि मिस वाकून त्या मुलीचं बोलणं ऐकत होत्या.